काळी गुंडी

ज्या वस्तूला आटे नाहीत ती वस्तू गाडीची नाही. हे मी माझ्या बायकोला अंगणात उभं राहून सांगितलं, आणि अशा आवाजात सांगितलं की गल्लीतल्या शेवटच्या घरी ऐकू जावं. माझा आवाजच तसा आहे. ट्रकच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात जिंदगी गेली, तिथं घणाच्या ठोक्यांवरून बोलावं लागे. शाळा चौथीत सुटली, पण डोळे मिटून नट चिमटीत धरला तर कोणता पाना लागेल ते सांगत होतो. लोक मिस्त्री म्हणायचे, अजून म्हणतात. या उन्हाळ्यापासून कोणी तसं म्हटलं की मी उगाच खाली पाहून चपला शोधायला लागतो.

आमचं घर उमरेड रोडला, शहर संपलं असं वाटतं तिथून थोडं पुढं. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि सून. मुलगा गुजरातेत एका कंपनीत आहे, दिवाळीला येतो. सून कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर जाते. म्हणजे आम्ही शहराच्या या टोकाला आणि तिची नोकरी त्या टोकाच्याही पलीकडे. अजून ठेकेदारीवरच आहे. उन्हाळ्यानंतर काही जणांना कायम करणार होते आणि तुझं नाव त्यात आहे, असं तिच्या साहेबानं तिला सांगितलं होतं. फक्त वेळेवर येत जा म्हणाला. बसनं गेलं तर पहिली शिफ्ट गाठता येत नाही. म्हणून दोघा नवराबायकोनं मिळून जुनी लहान पांढरी गाडी घेतली. चालवायला ती स्वतःच शिकली.

गाडी घेऊ नका असं मी म्हटलं होतं. माझं कोणी ऐकलं नाही. पण गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिची देखरेख मीच अंगावर घेतली. नागपूरच्या उन्हात रंग उडतो म्हणून कव्हर आणायला लावलं. ती संध्याकाळी येऊन गाडी मागं घेत भिंतीला टेकवून लावायची. मागं माणूस जाईल एवढी जागाही राहायची नाही. ती आत गेली की मी समोरून कव्हर ओढून हातानंच मागं ढकलून घ्यायचो. रविवारी गाडी धुवायचं कामही माझंच.

अशाच एका रविवारी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई काढून मी भिंतीवर झटकली, तर टप्पकन एक वस्तू पडली. शर्टाच्या गुंडीपेक्षा जरा मोठी आणि जाड, काळी. प्लास्टिक की रबर ते सांगता येईना. एका बाजूनं मधोमध बारीक दांडा होता, तो तुटलेला. उन्हानं सगळी कडक होऊन गेली होती.

बायको तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "ठेवून द्या जी एखाद्या डब्यात. गाडीची असन."

"तू मले गाडी शिकवून राहिली काय वं?"

"मी काहाले शिकवू? गाडीत सापडली म्हणून म्हटलं."

"गाडीत तर चिवडाबी सापडते. तो काय इंजिनातून पडला?" आणि मग ते आट्यांचं वाक्य मी बोललो. गुंडीला ना आटे, ना बोल्टचा छाप, ना ग्रीसचा डाग. पर्सची नाहीतर चपलेची असेल म्हणून सोडून दिलं. पण फेकली नाही. फेकायची मला सवय नाही. आमच्या खोलीच्या खिडकीतल्या कूलरला वरून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणारी नळी आहे, तिच्या टोकाचं बूच हरवलं होतं आणि पाणी ताटीवर न पडता भिंतीवरून वाहून जात होतं. मी गुंडीला चिंधी गुंडाळली आणि नळीच्या टोकात ठोकून बसवली. पाणी थांबलं, ताट्या भिजल्या. त्या दुपारी मी थंडगार झोपलो. उठल्यावर बायकोला म्हटलंही, "पाह्य, कोणतीच वस्तू फेकाची नाही. कामी येतेच."

दुसऱ्या दिवशी पहाटे सून डबा घेऊन गाडीत बसली आणि गाडीनं नुसतं टकटक केलं.

"मामाजी, गाडी चालूच नाही होऊन राहिली."

समोरच्या घरात एसटीतला रिटायर कंडक्टर राहतो. माझ्याच वयाचा, झोप येत नाही म्हणून पहाटेपासून ओट्यावर बसलेला असतो. तो बनियनवरच धावत आला, दूधवाल्याला हाक मारली, आणि आम्ही तिघांनी दारांना धरून धक्का मारून गाडी सुरू करून दिली. कंडक्टर ओरडला, "डबल बेल! जाऊ द्या!" सून हसत हसत गेली. पहिल्या दिवशी ती हसली होती.

मग हे रोजचं झालं. दिवसभर गाडी चालायची, संध्याकाळी चांगली यायची, पहाटे मेलेली असायची. कंडक्टरला तमाशाच मिळाला. "काय गा मिस्त्री, सुनेची गाडी का बैलबंडी?" म्हणायचा. "आमच्या डेपोत अशा गाडीले आम्ही हार घालून उभी ठेवत होतो." गल्लीतले लोक हसायचे. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग कंडक्टरवर निघत नव्हता, कारण धक्का मारायला तोच लागायचा. तो निघायचा सुनेवर.

"रातचं काही चालू ठेवत असशील तू. दिवा, नाहीतर तो गाण्याचा रेडू."

"नाही मामाजी. मी सगळं बंद करते. चाबी काढून पाहते पण."

"मंग बॅटरी काय भूत पिऊन राहिलं?"

मी बॅटरी काढून रोडवरच्या दुकानात नेली. दुकानवाल्यानं ती रात्रभर ठेवून तपासली आणि म्हणाला, बॅटरी चांगली आहे, गाडीत काहीतरी चालू राहत असेल. हे वाक्य मी घरी आणलं आणि दारातूनच सुनेला ऐकवलं. काहीतरी चालू राहते, म्हणजे कोणीतरी चालू ठेवते, आणि गाडी चालवते कोण? माझा हिशेब सरळ होता.

एकदा ती जेवता जेवता म्हणाली, "मांगचे लोक मले हात करतात रस्त्यानं. हॉर्न मारतात. काहून ते समजत नाही."

मी म्हटलं, "बाई गाडी चालवून राहिली म्हणून करतात. तू समोर पाह्यत जा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकर मागून घेतली.

त्या आठवड्यात सूनबाई उशिरा पोचायला लागली. धक्क्यानं गाडी सुरू व्हायची, पण रोज धक्का मारायला माणसं कुठून मिळणार? एका पहाटे कंडक्टर गावाला गेलेला, दूधवाला येऊन गेलेला. मी आणि बायकोनं लावला जोर, पण गाडी हलेना. सून कारखान्याचा ड्रेस घालून, डबा छातीशी धरून फाटकात उभी राहिली. रस्त्याकडे पाहायची, घड्याळाकडे पाहायची. शेवटी ऑटोनं गेली आणि तिथून बसनं. संध्याकाळी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. साहेबानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, घरची कारणं घरी ठेवा. सासूजवळ बोलताना मी ऐकलं.

मी काय केलं, तर मुलाला फोन केला. म्हटलं, "तुह्या बायकोच्या हातात गाडी टिकत नाही. रोज काही ना काही चालू ठेवते आन रोज मले गल्लीत धक्का माराले लावते. लोक बसनं जात नाहीत काय? विकून टाक." मुलगा दमलेला होता, दुरून काय समजणार त्याला. तिला न विचारता हो म्हणाला. नागपुरातल्या महाल भागात माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, भांड्यांचं दुकान आहे. त्याला लहान गाडी हवीच होती. येत्या रविवारी येऊन पाहतो म्हणाला. सुनेला हे मुलानं फोनवर सांगितलं. माझं नाव त्यानं घेतलं नसावं, कारण ती माझ्याशी तशीच बोलत राहिली. फक्त ताट वाढताना "अजून घ्या" म्हणणं तिनं बंद केलं. ते तिच्या दुःखामुळं असेल असं मी धरून चाललो.

रविवारी मी अंधारातच उठलो. मेहुण्यासमोर गाडी चकाचक दिसावी म्हणून ऊन तापायच्या आत धुवून ठेवायची होती. कव्हर नेहमी समोरून काढतो, पण त्या दिवशी ते मागच्या बाजूला भिंतीच्या खिळ्यात अडकलं, म्हणून भिंतीवर चढून मागून ओढलं. भिंत लाल दिसली. एकदम मंद, शेगडी विझत आल्यावर दिसते तशी लाल. गाडीचे मागचे दोन्ही दिवे जळत होते.

चाबी घरात खुंटीवर होती, गाडीत कोणी नव्हतं. मी भिंतीवरच बसून राहिलो. ते ब्रेकचे दिवे होते. ब्रेकवर पाय नसताना ब्रेकचे दिवे.

मी ज्या ट्रकांवर काम केलं त्यांच्यात ब्रेकचा लाल दिवा हवेच्या दाबावर पेटायचा. पाईपावर स्विच असायचा, पेडलशी त्याचा काही संबंध नव्हता. लहान गाडीत तो पेडलजवळ असतो हे मला माहीत नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं. विचारायची मला सवय नव्हती.

हातात टॉर्च घेऊन, दार उघडून मी ड्रायव्हरच्या सीटखाली मान घातली. या वयात तसं वाकलं की श्वास अडकतो. ब्रेकच्या दांडीला वरच्या बाजूनं लोखंडाची एक पट्टी, पट्टीला भोक, आणि भोकासमोर स्विच. स्विचची कांडी त्या भोकातून आरपार बाहेर आलेली. पाय ब्रेकवरून काढला की दांडी वर येते आणि ती कांडी दाबून धरते, म्हणजे दिवा विझतो. पण दाबायला काही नव्हतंच, नुसतं भोक होतं. मी बायकोला हाक मारली.

"मांगं पाह्य वं. लाल दिसते काय?"

"दिसते जी."

मी भोकावर बोट दाबलं.

"आता?"

"आता गेलं."

बोट काढलं. "आता?"

"आलं." मग तिनं विचारलं, "काय करून राहिले तुमी आत?"

माझं बोट भोकावर होतं आणि भोकाचं माप बोटाला समजलं होतं. आयुष्यभर बोटानंच मापं घेतली. त्या भोकात एक गुंडी बसायची, तिच्या बारीक दांड्यानं ती पट्टीला धरून राहायची. उन्हानं कडक होऊन दांडा तुटला आणि ती पायाखाली पडली. कुठं गेली ते मला माहीत होतं. खिडकीत कूलर घरघरत होता.

बायको जवळ येऊन वाकली. माझं तोंड पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. तिला गाडीतलं काही समजत नाही असं मी नेहमी म्हणतो. ती म्हणाली, "काढून आणू काय जी?"

"आण."

ती आत गेली. कूलर बंद झाला. त्या शांततेनं सून जागी झाली आणि पदरानं तोंड पुसत बाहेर आली.

गुंडी पाण्यात राहून वरून फुगली होती, तिला वाळ्याची काडी चिकटली होती. तुटका दांडा काही कामाचा नव्हता. मी मधोमध भोक पाडलं, बारीक बोल्ट घातला, पट्टीच्या भोकातून काढून मागून नट कसला. बोल्टचं डोकं जास्त वर राहिलं तेव्हा परत काढून घासलं. नट चटईत पडला, सुनेनं तो शोधून दिला. तिनं मोबाईलचा उजेडही धरला. बसवून झाल्यावर मी म्हटलं, "मांगं पाह्य." ती मागं गेली आणि म्हणाली, "विझले." मग मला कळायच्या आधी तिला कळलं. "म्हणजे रातभर हेच जळत होते? कव्हरात? आन रस्त्यानं लोक यासाठीच हात करत होते?"

"हो."

"हे कुठं भेटलं मामाजी तुमाले?"

ओली चिंधी बायकोच्या हातात होती. सुनेला ती दिसत होती. तरी मी म्हटलं, "तुह्या पायाखाली पडून होतं."

खोटं नव्हतं. पण मी ते असं म्हटलं की जणू तिच्या पायाखाली असून तिला दिसलं नाही. हे मी का केलं ते आजही मला सांगता येत नाही. जीभ आपोआप तिकडं वळली. सुनेनं चिंधीकडं पाहिलं, कूलरकडं पाहिलं आणि "बरं" म्हणून चहा ठेवायला आत गेली.

ऊन चढल्यावर मेहुणा आला. कंडक्टरही येऊन खुर्ची ओढून बसला. सकाळीच दूधवाल्याला हाक मारून, धक्क्यानं चालू करून सुनेनं बॅटरी भरेपर्यंत गाडी फिरवून आणली होती; आता ती पहिल्या चाबीत सुरू झाली आणि कंडक्टरनं टाळी वाजवली. "मिस्त्री तो मिस्त्री! त्या दुकानवाल्याले नाही समजलं ते यानं पकडलं." मेहुणा म्हणाला, "भाऊजीच्या हातात जादू आहे पहिल्यापासून." आणि मी बसून होतो. मी सांगत होतो की स्विच कुठं असतो, कांडी कशी दबते, बारीक गोष्ट असते पण माणसाचं लक्ष पाहिजे. पोहे घेऊन सून आली, माझं बोलणं संपेपर्यंत ताटं हातात धरून उभी राहिली, मग एकेकाला दिली.

मेहुणा खाता खाता म्हणाला, "मंग आता काही प्रश्नच नाही. गाडी मी आजच घेऊन जातो."

सून माझ्याकडं पाहून, मेहुण्याकडं हात करून म्हणाली, "मामाजी, तुमी सांगा यायले."

"गाडी द्याची नाही," मी म्हटलं.

"अरे! काहून?" मेहुण्यानं चमचा खाली ठेवला. "तुमीच तर पोराले फोन केला. सून गाडी बिघडवते, विकून टाक म्हणून. त्यानंच सांगितलं मले."

सुनेनं तेव्हा माझ्याकडं पाहिलं नाही. ती ओट्याच्या कडेला बसली, मांडीवर हात ठेवून, पाहुणी बसते तशी. आमच्या घरी लग्न होऊन आल्यापासून तिला मी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तिनं नाही बिघडवली," मी म्हटलं. आवाज माझाच होता पण लहान निघाला. "म्या बिघडवली. ते जे पडलं होतं ते म्या कूलरले लावलं होतं."

"कूलरले?" कंडक्टर म्हणाला.

"नळीले. बूच म्हणून."

आधी तो समजला नाही. मग समजला आणि असा हसला की खोकला लागला. "म्हणजे पोरगी पहाटे धक्का माराले माणसं शोधून राहिली आन तू रातभर तिच्याच गाडीच्या हवेत झोपून राहिला? अन् मी बनियनवर धावून राहिलो!" मेहुणाही हसला. बायकोनं पदर तोंडावर धरला, ती हसत होती की नाही ते मला दिसलं नाही. मी हसलो असतो तर बरं झालं असतं. तेही जमलं नाही.

मेहुणा गेल्यावर सुनेनं मोबाईलवर मुलाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "त्यायलेबी सांगा," म्हणाली. मी सांगितलं. मुलानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तिले फोन द्या." ती फोन घेऊन आत गेली, दार लावून घेतलं. त्या दुपारी कूलर बंदच होता. पाणी परत भिंतीवरून वाहायला लागलं असतं म्हणून मी तो लावला नाही. घामात पडून राहिलो.

गाडी त्या दिवसापासून रोज सुरू होते. पहाटे मी अंथरुणातून तो आवाज ऐकतो. फाटक उघडायला जायची हिंमत होत नाही. ते बायको उघडते.

कारखान्यात कायम झालेल्यांची नावं लागली तेव्हा सुनेचं नाव त्यात नव्हतं. पुढच्या वेळी पाहू, हजेरी बरोबर नाही, असं साहेब म्हणाला. हे तिनं स्वयंपाकघरात सासूला सांगितलं. मी बाहेर बाजेवर होतो. ती रडली नाही. कणीक मळत सांगितलं आणि मळत राहिली.

मी रात्री ठरवलं. चूक माझी, तर साहेबाला मीच सांगणार. एकदा ठरवलं की मी कोणाला विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर पांढरा शर्ट घातला, बायकोला रोडवर जातो म्हटलं आणि बसमध्ये बसलो. सीताबर्डीला उतरून दुसरी बस, तिला उभं राहायला जागा नाही, दारात लोंबकळत माणसं. कळमेश्वरला उतरून एमआयडीसीपर्यंत चालत गेलो. पोचलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि सूर्य डोक्यावर यायला लागला होता. लोक बसनं जात नाहीत काय, असं मीच म्हटलं होतं.

गेटवरच्या चौकीदारानं विचारलं, "कोणाले भेटाचं आहे बाबा?"

"साहेबाले."

"कोणत्या साहेबाले? इथं साहेबच साहेब आहेत."

मला साहेबाचं नाव माहीत नव्हतं. सुनेचं नाव सांगितलं. त्यानं आत फोन लावला. थोड्या वेळानं ती आली, डोक्यावर जाळीची टोपी, हातात मोजे. मला पाहून तिचा चेहरा उतरला. घरी काही झालं असं तिला वाटलं.

"काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. मी साहेबाले सांगाले आलो. का तुही चूक नव्हती. म्याच..."

"मामाजी." ती मला चौकीदारापासून दूर, भिंतीजवळ घेऊन गेली. तिचा आवाज खाली होता पण मी कधी ऐकला नव्हता तसा. "काय सांगाल तुमी? का सासऱ्यानं गाडीचा सामान कूलरले लावला? इथं ते हसतीन. पहिले तुमच्यावर हसतीन, मंग माह्यावर. अन् पुढच्या वेळी नाव निघालं का म्हणतीन, तेच ना, जिचा सासरा गेटवर आलता ते?"

"मंग मी काय करू?"

"काही नका करू." तिनं घाम पुसला. "इथं मी उशिरा आली, तर मी उशिरा आली. मी सांगितलं आहे त्यायले, आता नाही येणार. तेवढंच पुरे."

आत घंटी वाजली. ती चौकीदाराजवळ गेली, "माहे सासरे आहेत, बस येतपर्यंत सावलीत बसू द्या" म्हणाली, तिची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. जाता जाता परत वळली.

"घरी कोणाले सांगू नका इथं आलते म्हणून. कंडक्टरकाकाले तर बिलकुल नाही. मी बी नाही सांगत."

मी मान हलवली. तिच्या तोंडाकडं पाहून नाही, गेटच्या लोखंडी कडीकडं पाहून. ती आत गेली. चौकीदारानं त्याचं स्टूल माझ्याकडं सरकवलं आणि स्वतः उभा राहिला.